डब्यातल्या अर्ध्या गोळ्या

मुरलीपुरा, जयपूर
नोव्हेंबर १९८७

प्रिय उमाकांत,

तुझ्या पलटणीतला पंढरीनाथ सुट्टीवर जाताना इथं उतरून चिवड्याचा रिकामा डबा देऊन गेला. पलटणीत धुतलेल्या भांड्यावर माझा विश्वास नाही, म्हणून पुन्हा घासायला घेतला तर आत कागदात बांधलेल्या गोळ्या निघाल्या. वर प्रतिमाचं नाव. मला वाटलं डोकेदुखीच्या असतील. तिच्या हातात दिल्या तर पोरीचा चेहराच उतरला.

तू गेल्यापासून तिच्या ओटीपोटात दुखतं आहे. ती सांगत नव्हती, पण पाण्याची बादली उचलताना थांबायची ते मला दिसत होतं. मग तिला धरून सीकर रोडवरच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिथं जमिनीकडे बघत तिनं सगळं सांगितलं. मागच्या सुट्टीत तुला लघवीला जळजळ होत होती. परत गेल्यावर तू बाजारातून गोळ्या घेतल्यास, बरं वाटलं तेव्हा थांबवल्यास आणि उरलेल्या अर्ध्या बायकोला पाठवल्यास. वर ही म्हणते कशी, ते कुठलीही गोष्ट मला अर्धी दिल्याशिवाय खात नाहीत. खरंच आहे. कानोत्याच्या धरणावर गेलो होतो तेव्हा एक कचोरीसुद्धा तू मोडून तिला दिली होतीस. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, “माताजी, फौजीसाहब ने दवाई का भी राशन बाँट दिया?” 

अरे, औषध म्हणजे कचोरी नव्हे. अर्ध्या गोळ्यांनी तूही बरा झाला नाहीस आणि तीही होणार नाही. दोघांनीही, ज्याची त्यानं पूर्ण घ्यायची, आणि डॉक्टर सांगतील त्या. बाजारातला माणूस सांगेल त्या नव्हेत.

तू पत्रातून तिच्याजवळ जे जे विचारलं होतंस ते तिनं लाजत लाजत मला विचारलं. मी डॉक्टरणीला विचारून आणि तुझे आबा गेल्यापासून रद्दीतून आणून वाचलेल्या आरोग्याच्या पुस्तकांवरून उत्तरं देते. आईनं मुलाला असलं लिहू नये म्हणतात. मग लिहायचं कोणी? तुमची पत्रं पलटणीत कोणी साहेब उघडून वाचत असेल तर त्यालाही चार गोष्टी कळू देत.

उन्हानं आणि तिखटानं हे होत नाही. संडासावर ढकलू नकोस, त्या बिचाऱ्यानं काही केलेलं नाही. हे एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला लागतं. एकदाच गेलो होतो, असं तिला लिहिलंस म्हणे. एकदा पुरतं. जळजळ थांबली म्हणजे रोग गेला असंही नाही. आणि तिला तर काहीच होत नव्हतं, हे तुझं म्हणणं वाचून नव्हे, ऐकूनच माझं डोकं उठलं. बाईला पुष्कळदा वरून काही कळत नाही, आत मात्र ते वर चढत जातं आणि मूल राहायची वाटच बंद करतं. निरोध सरकार फुकट वाटतं. तुम्ही त्याचे फुगे करून पोरांना देता. पेपरात हल्ली त्या नव्या एड्सचं येतं, तोही याच वाटेनं आणि रक्तातून लागतो. डासानं नाही, हात मिळवल्यानंही नाही. त्याला तर औषधच नाही.

मुलाचंही सांगते. प्रतिमाची आई पाचव्या दिवशीच्या न्हाण्यापासून दिवस मोजते आणि तू लगेच घरी असावंस म्हणून देवाला साकडं घालते. न्हाण्यापासून नाही, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे, आणि दिवस राहण्याचा संभव साधारण दोन पाळ्यांच्या मधोमध असतो. तेव्हाही दर महिन्याला राहतंच असं नाही, सगळं नीट असलेल्यांचेही बरेच महिने रिकामे जातात. एका सुट्टीत काही झालं नाही म्हणून ती पोर स्वतःला वांझ म्हणवून घेते. तिला आधी बरी होऊ दे.

कुठं गेलास, कोणाकडे, ते मी विचारत नाही. प्रतिमा विचारेल. तिला खरं सांग.

आता हे सगळं कागदावर का उतरवते आहे ते ऐक. तू लहान असताना आबा मालगाडीवर असायचे, आठ-आठ दिवस घरी नसायचे. एकदा लाइनवरून आले ते जळजळ घेऊनच. उष्णता झाली म्हणाले, मी सब्जाचं पाणी करून दिलं. पुढं माझं पोट दुखायला लागलं, तेही उष्णतेवर गेलं. तुझ्या पाठीवर मूल झालं नाही. मी सोमवार धरले, चतुर्थ्या धरल्या, तुझ्या आजीचं बोलणं खाल्लं, आणि आबा बिचारे मला समजावत राहिले की आपल्याला एक आहे ते पुष्कळ आहे. ते गेल्यानंतर एका फाटक्या पुस्तकात मी हे वाचलं तेव्हा भांडायला समोर माणूस नव्हता. अजून त्यांची आठवण येते तेव्हा रडू येतं, आणि रडता रडता रागही येतो. प्रतिमावर ही पाळी यायला नको. डॉक्टरणी म्हणते, वेळ गेलेली नाही. तिच्या गोळ्या सुरू झाल्या. तू आलास की ट्रंक ओसरीवर ठेव, चहा घे आणि माझ्याबरोबर दवाखान्यात चल. दोघांचं औषध संपून डॉक्टरणी होय म्हणेपर्यंत तुझं अंथरूण बाहेरच्या खोलीत. परवा माळा झाडताना प्रतिमाला तुझा पाळणा सापडला, खाली काढू का म्हणाली. मी म्हटलं, थांब, उमाकांत येऊ दे. तो काढायला दोघं लागतात.

तुझ्यावर चिडलेली आणि तुझी वाट पाहणारी,
तुझीच
आई