फळ्याकडं तोंड करून

आई,

या मंगळवारांचा मला वैताग आलाय. रेणापूरजवळच्या त्याच शाळेत मी अजून तिसरीला शिकवते. यंदा वर्गात आठ वर्षांची एक मुलगी आहे, दोन्ही कानांनी कमी ऐकणारी. तिच्या कानाच्या मशीनची बॅटरी संपली की नवी यायला महिना जातो, आणि तीच ती माहिती मी मागणीच्या फॉर्मात तीनतीनदा भरत बसते. तिच्यासाठी दर मंगळवारी लातूरहून एक विशेष शिक्षिका येते, माझ्या निम्म्या वयाची. तिनं मुलीला व्हरांड्यात घेऊन शिकवावं, मी माझा वर्ग सांभाळावा, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "नाही मॅडम, दोघींनी मिळून एकाच वर्गात शिकवायचंय." तू धर्माबादला निम्मी तेलुगू बोलणारी पोरं एकटीनं वाचायला शिकवलीस. मला मात्र माझ्याच वर्गात वाटेकरी मिळाली.

पहिल्याच दिवशी मी हातच्याची वजाबाकी फळ्यावर लिहीत समजावत होते. मागून ती म्हणाली, "मॅडम, फळ्याकडं तोंड करून बोलू नका. तिला तुमचे ओठ दिसत नाहीत." अख्ख्या वर्गासमोर. बावीस वर्षं शिकवतेय मी. मधल्या सुट्टीत तिला सुनावलं, "मला काही सांगायचं असेल तर वर्गाबाहेर सांगायचं." तिनं शांतपणे डबा बंद केला. "नंतर सांगितलं असतं मॅडम, पण तोवर तिचा तास वाया गेला असता." मला राग जास्तच आला.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना तुझी शेवटची दोन वर्षं आठवली. तुला ऐकायला कमी येऊ लागलंय. मी ओट्याकडं तोंड करून उभी आहे, तू मागं पाटावर बसून मेथी निवडतेयस. मी विचारते, "गोळी घेतली का?" तू म्हणतेस, "हाव, लई कोवळी हाय." मी वळत नाही, नुसती खेकसते, "किती वेळा विचारू?" पुढं पुढं तू कशालाही नुसतं "हाव, हाव" म्हणायला लागलीस आणि मला वाटलं, चला, ऐकू येतंय.

पुढच्या मंगळवारी मी खडू त्या शिक्षिकेच्या हातात दिला. तिनं लिहायचं, मी मुलांकडं बघून बोलायचं. अवघडच गेलं, हात सारखा फळ्याकडं जायचा. मी विचारलं, "तीनातून सात जात नाहीत, मग काय करायचं?" ती मुलगी उभी राहिली. "शेजारून दहा घ्यायचे." शब्द अर्धेमुर्धे, पण सगळ्यांना कळले. मागच्या बाकावरच्या दोघी, ज्या कधी मान वर करत नाहीत, त्यांनाही त्या दिवशी वजाबाकी जमली. त्यांचे कान तर चांगले आहेत. इतकी वर्षं मी नेमकं कुणाला शिकवत होते, या विचारानं माझाच मला वैताग येतो.

मुख्याध्यापक दारातून बघत होते. तास संपल्यावर म्हणाले, "छान बसवलंय हे. दोघींनी मिळून शिकवायची कल्पना कुणाची?" ती शिक्षिका डस्टर झटकायला बाहेर गेली होती. मी म्हणाले, "माझीच."

तिला आणि त्यांना खरं सांगायचं ठरवलंय. त्याला तीन मंगळवार झाले. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं.