पाय धुण्याचा गुरुवार

सिस्टर, आज पुन्हा तो गुरुवार आहे. मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून तुम्हीही दरवर्षी शाळेच्या हॉलमध्ये बारा मुलींना खुर्च्यांवर बसवायचात, त्यांचे पाय धुवायचात, पुसायचात आणि प्रत्येक पावलावर ओठ टेकवायचात. चौथीत तुम्ही मला निवडलंत. घरी सांगितलं तर आईला खरंच वाटेना. "ती तुजं पाय धुनार? खुळी हाय का गं?" म्हणाली, आणि संध्याकाळभर वजरीने माझ्या टाचा घासत बसली. सकाळी भेगा दिसू नयेत म्हणून तिने पायांना भरपूर खोबरेल चोळलं आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बघायला माझ्याबरोबर निघाली. पळसदरीहून रुळाच्या कडेने कर्जतला येताना माझी चप्पल तुटली. तेलकट पायांवर वाटभरची धूळ चिकटली.

मी बाराव्या खुर्चीवर बसलेय. तुम्ही घंगाळ घेऊन वाकता, माझी पावलं बघता आणि हात मागे घेता. "शी. आधी नळावर धुवून ये. घरी कुणी शिकवत नाही का?" मुली हसतात. दाराशी उभी असलेली आई खाली बघते. पाय धुऊन मी धावत परत येते, तर माझ्या खुर्चीवर बाजारपेठेतल्या दुकानदाराची मुलगी बसलेली असते आणि तुमचे ओठ तिच्या पावलावर.

परतताना आई एवढंच म्हणाली, "तेल माजंच जास्त झालं गं." त्यानंतर तिने माझ्या पायांना कधी तेल लावलं नाही.

सोमवारी तुम्ही वर्गात विचारलंत, येशूने पाय धुतले त्यातून काय शिकायचं? मी हात वर केला. कुणालाही हलकं मानायचं नाही, म्हणाले. तुम्ही शाबासकी दिलीत, आणि बक्षीस म्हणून त्याच प्रसंगाचं चित्र. ते आजही माझ्या भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी आहे. उत्तर पाठ केलेलं नव्हतं सिस्टर, पटलेलं होतं. अजून पटतं. पाय धुळीचे होते म्हणून तर त्याने पाणी घेतलं. त्याने कुणाला नळावर पाठवलं नाही.

पुढे तुम्ही खालापूरकडच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलात तेव्हा मी आले होते. तुम्ही ओळखलं नाहीत. पाय सुजलेले, मळलेले. "म्हातारी पायाला हातच लावू देत नाय," सांभाळणारी बाई तुमच्यासमोरच म्हणाली. मला मात्र लावू दिलात. मी पाणी कोमट केलं, पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतून पुसले. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "माझ्या मुली फार गुणी. मी कधी एकीलाही दुखवलं नाही." मी "हो सिस्टर" म्हणाले.

लोकांना मी सांगत आले की सिस्टरना मी क्षमा केली, त्यांचे पायसुद्धा धुतले. धुतले, हे खरं आहे. ओठ तेवढे टेकवले नाहीत. विसरले नव्हते.