दोन सूर खाली

प्रिय धाकट्या,

गिटार पोचली. आजोबांनी घडवलेली ती बारा तारांची, आपल्या घरातली एकुलती एक मिरवण्यासारखी वस्तू. चादरीत गुंडाळून आली, मान मोडलेली, पाठ फुटलेली. दुकानातली बाकीची कामं बाजूला सारून मी तिलाच घेऊन बसलेय.

आत हात घातला तर बाबांची जुनी डागडुजी बोटांना लागली. आईच्या बरगड्यांत त्यांनी हीच हाणली होती, आठवतं? मग दिवसभर सरस उकळत बसले. आपल्या घरची रीतच ती, मोडणाऱ्यानं स्वतः दुरुस्त करायचं. गिटार वाजायला लागली की आईनं मुकाट्यानं चहा टाकायचा, आणि झालं गेलं विसरायचं. बरगडी कोणी चिकटवली नाही. मला त्या माणसाचा अजून संताप येतो, तो मेला तरी येतो.

आजोबा मात्र पक्के कारागीर. बारा तारा म्हणजे दुप्पट ओढ. साध्या गिटारीसारख्या वरच्या फळीवर चिकटवलेल्या घोडीला बांधल्या तर ती फळीच उपटून यायची. म्हणून त्यांनी त्या थेट बुडाशी पितळी पट्टीत अडकवल्या, आतून शिडीसारख्या आडव्या पट्ट्या मारल्या आणि बजावलं, हिला कायम दोन सूर खाली लावा. तू कधी ऐकलंस? खणखणीत वाजावी म्हणून तारा चढवून ठेवल्यास. फळी फुगलेली पाहून तुझ्या बायकोनं त्या दोन सूर उतरवल्या. मीच शिकवलं होतं तिला. तू न तपासता गिटार उचललीस, कार्यक्रमात बेसूर वाजलास, आणि घरी येऊन तीच गिटार मानेला धरून तिच्यावर घातलीस. पहिला घाव तिनं हातावर झेलला. दुसरा कपाळावर बसला.

गिटार घेऊन माझ्याकडे आली तेव्हा जिन्यावरून पडले, असं म्हणत होती. फुटलेल्या लाकडात अडकलेले तिचे केस मी चिमट्यानं काढायला लागले, तेव्हा खाली बसली आणि सगळं बोलली.

काल तुझा निरोप आला. "ताई, मी येतो, गिटार मीच नीट करतो, मग हिला घेऊन जातो." अगदी बाबांचा आवाज. म्हणून हे पत्र. गिटार मी नीट करतेय, सरस तीच ढवळतेय, प्लॅस्टर नसलेल्या हातानं. तयार झाली की तिचीच राहील, आणि ती इथंच राहील. तू येऊ नकोस. आलास तर दारात मी उभी असेन, हातात पटाशी घेऊन. आईच्या वेळी मी लहान होते.

अजूनही तुझीच,
ताई