माशी कुठे शिंकली

गुरुवार, ५ जानेवारी

ताजी बातमी: वर्लिन ओबरहोल्टने आज शंभरात चौऱ्याण्णव मारले. बातमी डोरीनकडून पक्की करून घेतली. आमच्या पिस्तूल क्लबचे गुण तीच लावते, राज्य स्पर्धेची टीमही तीच निवडते. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाली, हार्लन, तू अजून दहा वेळा विचारलंस तरी ते चौऱ्याण्णवच राहतील.

माझे एक्क्याऐंशी. माझ्या लेनवरचा दिवा मिणमिणतो. तक्रार केली आहे.

टीममधून चौघं जातात. पहिले तिघे तरुण आहेत, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. चौथी जागा माझी. क्लबच्या छपराचे पत्रे बदलले त्याच्याही आधीपासून माझी. यंदा डोरीनने जाहीर केलं की चौथ्या जागेसाठी वर्लिन आणि मी, २३ फेब्रुवारीला, एकच फेरी, जो जास्त मारेल तो.

वर्लिन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मेनूकार्ड हात लांब करून वाचतो. पण पिस्तुलावर त्याने आता लाल ठिपका बसवलाय. छोटीशी काच, त्यात ठिपका. ठिपका टार्गेटवर ठेवायचा, चाप ओढायचा. नळीच्या टोकावरचा उंचवटा, म्हणजे पुढची माशी, नको, मागची खाच नको, दोन्ही जुळवायची कटकट नको. हा नेम नव्हे, हे टीव्ही बघणं झालं.

घरी आल्यावर लॉर्नाने विचारलं, कसं झालं? म्हटलं, ठीक. तर म्हणे, वर्लिन हल्ली बारीक झालाय ना? चांगला दिसतो.

बायकोने नवऱ्याला विचारायची ही गोष्ट नव्हे. जेवलो नाही. नंतर उभ्यानेच दोन बाउल खिम्याची चिली खाल्ली.

शुक्रवार, ६ जानेवारी

संकल्प: लाल ठिपका लावणार नाही. मेलो तरी नाही.

अडचण एवढीच, की पुढची माशी हल्ली धुरकट दिसते. डोळे उत्तम आहेत. माशीचाच रंग उडालाय.

उपाय: लॉर्नाचं नारिंगी नेलपॉलिश. पिस्तूल रिकामं केलं, टेबलावर पेपर पसरला, माशीवर एक थेंब टाकला. थेंब मोठा पडला. दुसऱ्याने तो सारखा केला. तिसऱ्याने दुसऱ्याला. आता माशीच्या जागी बोराएवढी क्रॅनबेरी आहे. पण दिसते.

गुरुवार, १२ जानेवारी

शहात्तर. क्रॅनबेरी दिसते, तिच्यामागचं टार्गेट दिसत नाही.

वर्लिनने माझं पिस्तूल निरखलं आणि म्हणाला, वा गड्या, रंग झकास. पायाच्या नखांनाही हाच लावतोस? सगळे हसले. डोरीन जरा जास्तच हसली. गुण लावणाऱ्या व्यक्तीने निःपक्षपाती असावं.

त्याचे पंच्याण्णव. नेलपॉलिशची बाटली संपल्याचं लॉर्नाला सांगितलेलं नाही.

रविवार, १५ जानेवारी

हिरवी चमकती काडी बसवायची नवी माशी मागवली होती. काल आली. काडी टूथपिकच्या टोकाएवढी. बसवताना गालिच्यात पडली. डोळे उत्तम असल्यामुळे स्वतः शोधत बसलो नाही, लॉर्नाला हाक मारली. ती व्हॅक्यूम घेऊनच आली.

शनिवार, २१ जानेवारी

लाल ठिपका आणला. हा संकल्पभंग नाही. शत्रूची हत्यारं ओळखून ठेवावीत. वर्लिनच्यापेक्षा एक नंबर मोठा घेतला.

ठिपका सदोष आहे. गोल नाही, स्वल्पविरामासारखा आहे, खाली शेपूट. दुकानात बदलून घेतला. दुसऱ्यालाही शेपूट. दुकानदार म्हणाला, मला तर गोल दिसतो. त्याला विकायचा आहे, त्याला गोलच दिसणार. गोल ठिपके आधीच येऊन कोणीतरी उचलून नेलेत. कोणी, ते लिहायची गरज नाही.

लॉर्नाने काचेतून पाहिलं, म्हणाली गोल आहे. मोबाइलने फोटो काढला, फोटोतही गोल. मग ती म्हणाली, हार्लन, बिघाड ठिपक्यात नाही. ठिपक्याच्या अलीकडे आहे.

मोबाइलचा कॅमेरा जुना झाला आहे.

गुरुवार, २६ जानेवारी

मोठी खबर. वर्लिन कॉफी आणायला गेला तेव्हा त्याच्या परवानगीने त्याचं पिस्तूल उचलून पाहिलं. त्याच्याही ठिपक्याला शेपूट! बिचाऱ्याला तो गोल दिसतो. डोळे गेलेत त्याचे. वाईट वाटलं. बऱ्याच दिवसांनी इतकं छान वाटलं.

मोठ्या मनाने त्याला सांगितलं. तर मला म्हणतो, अरे, ते तुझ्या बुबुळाच्या आकाराचं आहे, अर्ध्या क्लबला तसं दिसतं. डॉक्टर प्रुइटकडे जा. ठिपका घ्यायच्या आधी त्याने मला उजव्या काचेत थोडा जास्त नंबर दिला होता. माशी काय लख्ख दिसायची! तो चष्मा करून घे आणि ते डबडं परत कर.

म्हणजे तो प्रुइटकडेही माझ्या आधी जाऊन आलाय.

मंगळवार, ३१ जानेवारी

डॉक्टर प्रुइटकडे गेलो. माशी डोळ्यापासून किती लांब ते मोजायला पिस्तूल लागतं, म्हणून आधी फोन करून विचारलं. म्हणाले, रिकामं करून डब्यात आणा, नेहमीचंच आहे. वेटिंग रूममध्ये एक बाई विणत बसल्या होत्या. डबा पाहून म्हणाल्या, तुम्हीपण माशीवालेच का? आमच्या यांना मी सांगितलं, तुम्हाला समोरची गायच दिसत नाही, माशीचं काय घेऊन बसलात.

डॉक्टरांनी हात लांब करायला लावला, टेपने मोजलं, म्हणाले, नेहमीच्या नंबरात अगदी थोडी भर घातली की पुरे. विचारलं, वर्लिन ओबरहोल्टला किती भर घातलीत? म्हणाले, दुसऱ्या पेशंटचं मी सांगत नसतो. म्हटलं, मग मला त्याच्या दुप्पट द्या.

डॉक्टर म्हणाले, मिस्टर स्टकी, माशी तुम्हाला चर्चच्या मनोऱ्याएवढी दिसेल, पण टार्गेटचं सूप होईल. मी त्यांना नेमबाजीतलं पहिलं तत्त्व समजावलं: नजर माशीवर, टार्गेट धूसर. ते म्हणाले, धूसर म्हणतात ते, बेपत्ता नव्हे. मी म्हटलं, दुप्पट. म्हणाले, डोळे तुमचे आहेत. बरोबर आहे. माझेच आहेत.

ठिपका दुकानात परत केला. दुकानदाराने कारण विचारलं. लिहिलं: शेपूट.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

चष्मा आला. काय सांगू! माशीवरचा ओरखडा दिसतो. खाचेच्या कोपऱ्यातलं नेलपॉलिश दिसतं. एवढी वर्षं मी आंधळा असतो तर समजू शकलो असतो, पण डोळे उत्तम असताना हे सगळं कुठे होतं?

सराव म्हणून दिवसभर घालून ठेवला. दुपारी बर्फ काढला, ड्राइव्हवे आरशासारखा केला. चष्मा उतरवल्यावर कळलं की शेजाऱ्यांचा. त्यांनी येऊन आभार मानले. म्हटलं, शेजारधर्म.

व्हॅलेंटाइनचं कार्ड, दुकानात लांबूनच बोट दाखवून घेतलेलं, लॉर्नाला दिलं. ती खूप वेळ वाचत राहिली. बहुतेक भारावली. मग म्हणाली, हे ‘लाडक्या आजीस’ आहे.

गुरुवार, २३ फेब्रुवारी, संध्याकाळी साडेपाच

आजच. वर्लिनच्या कपाळाला घाम आहे. म्हणाला, चष्मा कसा आहे? म्हटलं, बघशीलच. मी सहा नंबरच्या लेनवर, तो शेजारी सातवर. वेगाची फेरी, दहा गोळ्या. मध्येच दुर्बिणीतून टार्गेटवर डोकावायला वेळ नाही. बरंच आहे.

त्याच दिवशी, पावणेसात

मारले! आयुष्यात असे मारले नाहीत. माशी कोरल्यासारखी. हात दगडासारखा. समोर करड्या लाडवांची रांग होती. त्यातला माझ्यासमोरचा लाडू धरला आणि दहाही गोळ्या घातल्या. अंगातच कळतं माणसाला.

टार्गेटचे कागद जवळ आले. माझा बघायची गरजच नव्हती. वर्लिन स्वतःच्या कागदाकडे बघून डोकं खाजवतोय. डोरीनला बोलावलं. ती पण डोकं खाजवतेय. फारच वाईट गेलेलं दिसतं. जिवाला गारवा वाटला. त्याला घरापर्यंत सोडायचं मनात आहे.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

डोरीनने पक्कं केलेली माहिती खालीलप्रमाणे.

सहा नंबरच्या कागदावर एकही छिद्र नाही. सात नंबरच्या कागदावर वीस. त्यातली दहा विखुरलेली. उरलेली दहा मधोमध, कॉफीच्या कपाने झाकली जातील अशी.

क्लबचा नियम: दुसऱ्याने तुमच्या कागदावर मारलं आणि छिद्रं वेगळी काढता येत नसतील, तर सगळ्यात जास्त गुणांची दहा तुमची. वर्लिनला अठ्ठ्याण्णव. मला शून्य.

वर्लिन अर्धा तास भांडत होता, की ती छिद्रं माझी नाहीत, हार्लनची आहेत, सगळ्यांना दिसतंय. डोरीन म्हणाली, तुझी नसतील तर तुला साधारण एक्क्याण्णव पडतात, आणि हार्लनने स्वतःच्या कागदावर मारले असते तर तो जिंकला असता. पण नियम भिंतीवर छापलाय. मग माझ्याकडे वळून म्हणाली, लेनचा नंबर एक फूट उंच आहे रे!

म्हटलं, नंबर दिसत होता. वाकडं काहीतरी होतं. सहा पण वाकडाच असतो.

राज्य स्पर्धेला वर्लिन जाणार.

लॉर्नाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, माशी एवढी स्वच्छ दिसत होती ना? मग शिंकली तेव्हा कशी दिसली नाही?

तक्रार लिहिली: लेनवरचा दिवा.

रविवार, २६ फेब्रुवारी

तो कागद क्लबने फ्रेम करून कॉफी मशीनच्या वर टांगलाय. क्लबचा नवा विक्रम. खाली नाव: वर्लिन ओबरहोल्ट. जुना चष्मा लावून जवळून पाहिला. छिद्रांचा असा झुपका काढणाऱ्याचा मला खरंच हेवा वाटला. मग आठवलं.

ठरवलं की नावाखाली माझं नाव यावं असा ठराव मांडायचा. डोरीनला फोन केला. म्हणाली, उशीर झाला. वर्लिनने तो परवाच मांडलाय, लेखी, सह्यांसकट. म्हणजे इथेही तोच आधी.

लॉर्ना म्हणाली, किती मोठ्या मनाचा माणूस!

गुरुवारी मतदान आहे. डोरीनच्या अंदाजाने ठराव पास होईल, फक्त शब्द असे असतील: ‘हार्लन स्टकी, वर्लिनच्या कागदावर’. मला डॉक्टर प्रुइटनी फोनवर सगळं ऐकून नवी काच येईपर्यंत गाडी चालवायला मनाई केलीय, त्यामुळे लॉर्ना चालवणार. वर्लिनची गाडी गॅरेजला आहे, त्याला वाटेत घ्यायचंय.

पुढे कोण बसणार ते अजून ठरलेलं नाही.