पुढची खोली शनिवारी उघडी राहील

मी, खाली सही करणारी, निवृत्त इतिहास शिक्षिका, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण विचारांती माझ्या मिळकतीची व्यवस्था येथे लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र समजावे.

कलम १. राहते घर मी स्वतःच्या पगारातून घेतले असून त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही. मागच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर माझ्या मुलास द्यावे. रस्त्याकडे दार असलेली पुढची खोली मात्र माझ्या एका विद्यार्थिनीस द्यावी. वर्गात तिला सगळे खोडरबर म्हणत, कारण कागद फाटेपर्यंत ती आपलेच वाक्य खोडत बसे. आज ती माझ्याच शाळेत इतिहास शिकवते. सहावी ते आठवीच्या मुलांनी दर शनिवारी या खोलीत बसून गावाचा इतिहास शोधावा आणि लिहावा, या एकाच कामासाठी ती खोली दिली आहे. ती विकता किंवा भाड्याने देता येणार नाही.

मुलगा म्हणतो, "आई, पोरं आता सगळं मोबाइलवर शोधतात. खोली कशाला अडकवून ठेवतेस?" खोलीचे हे काम सुरू झाले तेव्हा तो वसतिगृहात होता, म्हणून त्याच्या माहितीसाठी लिहिते.

काचेच्या कारखान्यातला जुना संप मी सातवीला अभ्यासायला दिला होता. ज्यांनी तो पाहिला त्यांना गाठा, विचारा, आणि कोण काय म्हणाले ते वेगवेगळे लिहा, एवढेच सांगितले. खोडरबर भट्टीवरच्या एका म्हाताऱ्या कामगाराकडे गेली. ते म्हणाले, "संपात कारखाना आतून कुणी उघडून दिला, ते तुझ्या आजोबांना विचार." आपल्या घरी शेजारपाजारचे कोणी का येत नाही, हे तिला त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी उभी राहिली. "बाई, एवढं गाळू का?"

"आधी आजोबांना विचार. मग दोघं मिळून ठरवा."

आजोबा स्वतःच शाळेत आले. शेवटच्या बाकावर अवघडून बसले आणि म्हणाले, "मालकानं दम भरला. मी घाबरलो आणि त्याच्या बदली कामगारांना आतून उघडून दिलं. संप त्याच दिवशी मोडला." एका मुलीने विचारले, "आज असतं तर?" ते नातीकडे बघून म्हणाले, "बहुतेक आजही घाबरलो असतो. तसंच लिही."

तिने तसेच लिहिले. लेख शाळेच्या अंकात छापून आला, तेव्हा भट्टीवरचे ते म्हातारे कामगार तो घेऊन आजोबांच्या दारात गेले. दोघांचे मिटले असे मी म्हणणार नाही. मी तिथे नव्हते. पण दोघांनी मिळून मला निरोप धाडला: मुलीने फाटक लिहिले आहे, ते फाटक नव्हते, मागचे दार होते. पुढच्या अंकात आम्ही दुरुस्ती छापली.

कलम २. मुख्याध्यापकांविषयी. लेख आल्यावर त्यांनी मला बोलावून सांगितले, "पोरांनी सनावळ्या पाठ कराव्यात. इतिहास लिहायला मोठी माणसं आहेत." मी म्हटले, "मोठ्यांनी हा लिहिला असता तर पोरांना लिहावा लागला नसता." सातवी माझ्याकडून गेली, पाचवीचे हस्ताक्षर आले. त्या आठवड्यापासून शनिवारी मुले माझ्या घरी येऊ लागली. मुख्याध्यापकांवरचा राग मी वारसाहक्काने कोणालाही देत नाही. मात्र माझ्या शोकसभेत त्यांनी बोलू नये. बोललेच, तर मुलांनी त्यांच्याकडे पुरावा मागावा.

कलम ३. टेपरेकॉर्डर, भिंग, आणि लोकांच्या आवाजाच्या सगळ्या कॅसेट पुढच्या खोलीत राहतील. कॅसेटवर धूळ बसू देऊ नये. माझ्या साड्या वाटून टाकाव्यात. त्यांना ऐतिहासिक महत्त्व नाही.

कलम ४. बँकेतल्या ठेवीचे व्याज मुलांच्या कागदासाठी व प्रवासासाठी वापरावे. दागिने सुनेला. तिने माझ्याशी वाद घातला, पण तोंडावर घातला.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या मुलाने करावी. खोलीबाबत त्याचे मत वेगळे आहे हे मला ठाऊक आहे. तरीही शब्द पाळणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. खोडरबरला साक्षीदार केलेले नाही. ज्याला लाभ आहे त्याची साक्ष जपून घ्यावी, हे वकिलांनी सांगण्याच्या कितीतरी आधीपासून मी सातवीला शिकवत आले आहे.

कलम ६. मी गेल्यावर येणारा पहिला शनिवार सुट्टीचा धरू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही : (निवृत्त इतिहास शिक्षिका)

साक्षीदार : १. सही (माझ्या डॉक्टर)
२. सही (समोरच्या दुकानातले शिंपी)

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ मार्च २०२६