पौर्णिमेच्या थाळीचे साडेचारशे

प्रिय आत्या,

आज गुरुवार, आश्विन वद्य षष्ठी. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दुकानात मी एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांची नावं बसवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. तुझ्या संजूनं मला साडेचारशे रुपये पाठवले होते. खाली लिहिलं होतं, 'घे तुझे पैसे. आता तू पाहुणा. आता ते काढ.'

तू गेल्यावर तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. तुला वाचायचा कंटाळा आणि मला रडकं लिहिता येत नाही. पण हे भांडण तुझ्या नावावरून चाललंय आणि दोन्ही बाजूंनी शब्दही तुझेच वापरले जातायत. मग ते तुला नको का कळायला?

संजूदादानं सानपाड्याला हॉटेल टाकलंय. टॉवरच्या खालचा गाळा, एसी, पाणी द्यायला तांब्याचे पेले. नाव 'यमुनाईची चूल'. गल्ल्याच्या मागे तुझा फोटो आहे, तुझ्या नातीच्या, प्राजूच्या बारशातला, नथ घातलेला. त्याखाली मोठ्या अक्षरांत, 'आईच्या हातची चव'. ती पाटी मीच बनवली. बनवताना ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू?

कोजागिरीला मी तिथे जेवायला गेलो. नवरात्र सुटल्यावर लोक मासळीवर कसे तुटून पडतात ते तुला माहीत आहे. दारात नवा बोर्ड होता, 'कोजागिरी स्पेशल. भरलेल्या चिंबोऱ्यांची थाळी. मसाला दूध मोफत.' तो बोर्ड त्यानं दुसरीकडून छापून घेतला होता. आमच्या दुकानात आला असता तर मी तिथेच अडवला असता.

पौर्णिमेला मांसानं भरलेल्या चिंबोऱ्या! आणि वर दूध! आत्या, तू तिथल्या तिथे चप्पल घालून निघाली असतीस.

मला दिवाळे गावचा बाजार आठवला. मी सातवीत असेन. मी एक मोठी चिंबोरी उचलून तुला दाखवली, केवढ्या नांग्या आहेत बघ म्हणून. तू तिला उलटी केलीस, पोटाखाली अंगठा दाबलास. अंगठा आत गेला. "पुनवेची हाय ही बाला. वरून मोठी, आत काय नाय. अवसेला भरंल. ठेव परत."

विकणारी चिडली. "यमुने, आज हेच हाय. घ्यायचं तर घे, नायतर पुढं हो."

"पुढं कशाला होऊ? मी पैशे देतंय, फुकट नाय मागत. पोकल हाय तर पोकलच बोलनार."

सगळा बाजार ऐकत होता. मला लाज वाटली होती. तुला नाही वाटली.

आणि तूच हळदीच्या मांडवात अगदी वेगळी असायचीस. बोनकोड्यातल्या कुणाच्या तरी हळदीला मटणाचा रस्सा इतका खारट झाला होता की माझी जीभ चुरचुरत होती. वाढणाऱ्या काकूंना तू म्हणालीस, "मस्त झालाय हो, अजून घाला." रिक्षात बसल्यावर म्हणालीस, "मीठ काय मिठागरातून आनलंय का मेल्यांनी?" मी विचारलं, मग तिथे का नाही बोललीस? तेव्हाचं तुझं उत्तर मी जन्मभर विसरणार नाही. "तितं आपन पावने. पावन्यानं खायाचं आनि उठायचं. पैशे दिले का बोलायचं."

मी हाच नियम पाळतो. नेरुळपासून ऐरोलीपर्यंत जिथे जेवलो तिथलं खरंखरं मत मी फोनवर, पाचपैकी तारे देऊन, सगळ्यांना दिसेल असं लिहितो. भाकरी शिळी असेल तर शिळी, ताजी असेल तर ताजी. कुठल्या बाजारात बोंबील चांगले मिळतात, कुठला सुकट विकणारा वाळू झटकत नाही, तेही लिहितो. लोक वाचतात. कुणाचं फुकट खाऊन मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही.

तर कोजागिरीला दुपारी मी बसलो. दादा गल्ल्यावरून म्हणाला, "तुला काय मेन्यू बघायचाय? चिंबोरी पाठवतो." थाळी आली. भाकरी वहिनीच्या हातची, पांढरीशुभ्र, वाफ निघणारी. तिला नाव ठेवायला जागा नाही. मग मी नांगी फोडली. आतून रश्शाचं पाणी आलं आणि दोऱ्याएवढं मांस. दुसरी फोडली, तेच. मसालाही तुझा नव्हता, पाकिटातला होता. तुझ्या मसाल्यानं आधी नाकाला कळतं आणि मग जिभेला. हा नुसता लाल होता.

तरीही मी कदाचित गप्प बसलो असतो. माझा स्वभाव तुला माहीत आहे, हॉटेलात पाणी मागायचं तरी मी मनात दोनदा वाक्य जुळवतो. पण शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं. मुलगी असेल आठ-नऊ वर्षांची, पहिल्यांदाच चिंबोरी खात होती. "पप्पा, यात काहीच नाहीये," ती म्हणाली.

तिचे वडील म्हणाले, "असंच असतं बेटा. चिंबोरीत खायला काही नसतंच. हे लोक नुसत्या रश्शासाठी खातात."

हे लोक! तुझ्या फोटोखाली बसून! त्या मुलीला आता आयुष्यभर वाटणार की चिंबोरी अशीच असते, आणि यमुनाई नावाची कुणी बाई असल्याच चिंबोऱ्या रांधायची. मला उठून सांगायचं होतं. मी उठलो नाही. पण घरी जाऊन लिहायला मला कुणी अडवू शकत नव्हतं.

पैसे द्यायला गेलो तर दादा म्हणाला, "वेडा झालास? घरच्या माणसाकडून पैसे घेऊ?" त्याची पाठ वळल्यावर मी गल्ल्यावरचा कोड स्कॅन केला. शेजारचा तो पैसे आल्याचं सांगणारा डबा भर हॉटेलात ओरडला, साडेचारशे रुपये मिळाले म्हणून. दादा हसला. त्याला वाटलं मी मान राखला. मी माझा बोलायचा हक्क विकत घेतला होता.

संध्याकाळी लिहिलं. पुन्हा पुन्हा वाचून, शब्द तपासून मगच टाकलं. जसं लिहिलं तसं तुला सांगतो. 'भाकरी उत्तम, गरम. सोलकढी चांगली. चिंबोरी पोकळ. पौर्णिमेला चिंबोरी पोकळच असते, त्या दिवशी ती ठेवू नये. मसाला घरचा नाही, पाटीवर मात्र आईच्या हातची चव म्हटलंय. ज्या यमुनाईंचं नाव आहे त्यांनी ही चिंबोरी बाजारातच परत केली असती. दोन तारे.' यात खोटं काय आहे, सांग?

दोन दिवसांनी दादा दुकानात आला. शेठ समोर बसलेले, दोन गिऱ्हाइकं उभी.

"आईला दोन तारे दिलेस तू?"

"आत्याला नाही दिले. चिंबोरीला दिले."

"फोटो कुणाचा आहे तिथे? नाव कुणाचंय? लोक काय समजणार?"

"म्हणून तर लिहिलं."

"घरचं आहे तर घरात येऊन बोलायचं ना. आई काय बोलायची? पाहुण्यानं खायचं आणि उठायचं."

"पैसे दिले की बोलायचं, हे पुढचं का सोडलंस?"

तो लालबुंद झाला. "डिलीट कर. नाहीतर प्राजूच्या हळदीचा बाजार मी केटररला देतोय. तू पाहुण्यासारखा ये आणि जेवून जा."

माझ्या हातून जाण्यासारखं होतं ते एवढंच, आणि त्याला ते बरोबर ठाऊक आहे. दवाखान्यात सगळ्यांसमोर तू म्हणाली होतीस, "प्राजूच्या हलदीचा बाजार निलेश करील." गावातल्या कितीतरी हळदींचा बाजार तू केलास. बोकड तू निवडायचीस, सुकी मासळी तू वास घेऊन घ्यायचीस. तुळशीचं लग्न झालं की प्राजूची हळद. मी कुणाकडून काय घ्यायचं ते ठरवूनही ठेवलं होतं. दादा गेल्यावर शेठ म्हणाले, "एका बटणाचं काम आहे रे, कशाला टेन्शन घेतोस?" मी फ्लेक्सवरची नावं बसवत राहिलो. बटण दाबलं नाही.

आता तुझ्यावरही माझा थोडा राग आहे, तो ऐक. तू मला बाजारात नेलंस आणि संजूदादाला क्लासला पाठवलंस. असं का केलंस? "त्याचे हात मासळीत नको," म्हणायचीस. तो शिकला, मी दहावीला थांबलो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्या ताटात तू कायम अवसेचीच चिंबोरी वाढलीस, आणि पौर्णिमेला आपल्या घरी ती का नसते हे त्याला एकदाही सांगितलं नाहीस. बिचाऱ्याला वाटलं, चिंबोरी कधीही भरलेलीच असते. आगऱ्याच्या पोरानं कोजागिरीला चिंबोरीचा बोर्ड लावला, यातला अर्धा दोष तुझा आहे.

आज पैसे परत आले तेव्हा मला त्याचा डाव कळला. साडेचारशे रुपये घेतले की मी पाहुणा. पाहुणा झालो की तुझ्याच नियमानं गप्प. हुशार आहे तुझा मुलगा. पण गिऱ्हाईक जेवून उठल्यावर त्याला पाहुणा करता येत नाही. मी ते पैसे हॉटेलच्याच खात्यावर परत पाठवले आणि खाली लिहिलं, 'पौर्णिमेच्या थाळीचे.'

थोड्या वेळानं वहिनीचा फोन आला. आवाज एकदम हळू. "निलेश भावजी, तो डबा परत ओरडला. हे आईंच्या फोटोकडे बघत बसलेत. मला विचारतात, आई खरंच पुनवेला आणायची नाही का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, कधीच नाही. मी आधीच बोलले होते, पण माझं ऐकतंय कोण. तुम्ही ते काढू नका. आणि मी असं म्हटलं हेही कुणाला सांगू नका."

बाजाराचं काय, ते मी विचारलं नाही. तिनंही तो विषय काढला नाही. तो बोर्ड मात्र उतरवलाय, एवढं म्हणाली.

म्हणून तुला हा शब्द देतो. लिहिलेलं मी काढणार नाही. दादानं दिवसातून दहा वेळा पैसे परत पाठवले तरी मी अकराव्यांदा देईन. लक्ष्मीपूजनाच्या अवसेला कुणी खात नाही, ती सोडतो. त्याच्या पुढच्या अवसेला मी पुन्हा तिथे जाईन, त्याच टेबलावर बसेन, आधी पैसे देईन आणि मग नांगी फोडीन. भरलेली निघाली तर भरलेली लिहीन, पाचपैकी पाच तारे देईन. नाही निघाली तर तसं लिहीन. आणि प्राजूच्या हळदीचा बाजार मला दिला तर तुझ्यासारखा करीन. केटररला दिला तर पाहुणा म्हणून जाईन, पोटभर जेवीन, कितीही खारट असलं तरी 'मस्त झालंय, अजून वाढा' म्हणेन. खरं काय ते रिक्षात बोलेन. ऐकायला तू नसशील, तरी बोलेन.

तुझ्यासोबत पिशवी धरून चालणारा,
निलेश

ता. क. हिशोब असा :
कोजागिरीची थाळी, रुपये साडेचारशे. दिले, परत आले, परत दिले.
रिक्षा, जाऊन-येऊन, रुपये दोनशे दहा.
मसाला दूध मोफत होतं. प्यायलो नाही.
देणं : कुणाचं काही नाही.
येणं : संजूदादाकडून एक भरलेली चिंबोरी.