अकरा मिनिटांचा लॅपटॉप

१७ एप्रिल २००९, शुक्र.
आज अकरा मि. वीस से. मोबाईलवर वेळ लावून बघितली. बटण दाबल्यापासून वकीलसाहेबांच्या लॅपटॉपवर काम सुरू करता येईपर्यंत. मार्चमध्ये नऊ होती. आतली हार्डडिस्क शेवटच्या घटका मोजतेय, कटकट वाजते. दर मंगळ.-शुक्र. पाचला मी इम्तियाजच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून त्यांच्या ऑफिसात जातो, दस्तांची बॅकअप सीडी काढायला. बटण दाबलं की साहेब चपला घालून कोर्टासमोर चहाला. त्यांच्याच्याने वाट बघवत नाही. मग उरतो मी आणि टायपिंगला बसणारी त्यांची मुलगी, मृ. (पूर्ण नाव लिहीत नाही. आई वह्या चाळते.)
आजचा विषय: पाणी महाडचं चांगलं की पोलादपूरचं. मी आमच्या पोलादपूरची बाजू इतकी लावून धरली की ती म्हणाली, "बाबांच्या जागी तूच उभा राहत जा कोर्टात." मार्चपर्यंत 'तुम्ही' म्हणायची.
अकरा मि. पुरत नाहीत.

२१ एप्रिल, मंगळ.
डोकं गेलं.
प्र. तिथे बसलेला. साहेबांचा ज्युनियर. एप्रिलमध्ये महाडात काळा कोट घालून घामाघूम होतो पण काढत नाही. म्हणे, "सर, हे खोकं भंगारात द्या. मी पुण्याला जातच असतो, नवीन घेऊन येतो." आणि मग मृ.कडे वळून, "रंग कुठला आणू?"
रंग!
मी म्हटलं, साहेब, लॅपटॉप ठणठणीत आहे, फक्त डिस्क म्हातारी झालीय. दुबईहून नव्या तऱ्हेची मागवतो, एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, म्हणून अडखळत नाही. अर्ध्या मिनिटात चालू करून दाखवतो.
साहेब: "अर्ध्या मिनिटात?"
"अर्ध्या."
साहेबांनी प्र.ला सांगितलं, थांब मग. प्र.चं तोंड बघण्यासारखं झालं. मी छाती काढून जिना उतरलो. एस.टी. राजेवाडी फाट्यापर्यंत आली तेव्हा डोक्यात उजेड पडला. अर्ध्या मिनिटात चालू झाला तर साहेब चहाला जाणार कशाला? आणि ते गेले नाहीत तर

२२ एप्रिल, बुध.
इम्तियाजला सांगितलं. शाळेपासूनचा दोस्त, आता मालक, तरी शिव्या दोस्ताच्याच देतो.
"तुला बोलायला कोणी सांगितलेला विन्या? अकरा मिनटं होती ना सुखाची."
"प्र. रंग विचारत होता."
"मग विचारू दे. भाईजान दुबईवरना तीन तारखेला येतोय. फोन करू काय डिस्कसाठी?"
"नको."
"मग तो कोटवाला लॅपटॉप आणील."
"मग कर."
केला.
माझं हे असंच. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला लॅबच्या सरांना सगळ्या वर्गासमोर म्हटलं, तुम्हाला स्वतःला तरी जोडता येतं का हे. त्यांना खरंच येत नव्हतं. पण कॉलेज माझं सुटलं, त्यांचं नाही.

२८ एप्रिल, मंगळ.
बारा मि. चाळीस से. डिस्क माझ्या बाजूने लढतेय.
मृ.ने विचारलं, "खरंच अर्ध्या मिनिटात होईल?"
"होईल."
"हं."
नंतर बराच वेळ स्टेपलर उघडमीट करत बसली. बारा मिनिटांतली सहा तशीच गेली. आनंद झाला असेल तर माणूस स्टेपलर उघडमीट करतो का? आईला विचारता येत नाही.

३ मे, रवि.
भाईजान आले. डिस्क आली. दुकानात ठेवायला धीर होईना, रुमालात बांधून घरी आणली. आईने हातावर तोलून बघितली. "ह्याच्यात काय हाय रे? काय वजनच नाय." बाबा स्टँडावरची चहाची टपरी बंद करून आले होते. कानाशी धरून हलवली. "वाजत पण नाय. रिकामी डबी दिलीन तुला दुबईवाल्यानं." मी समजावलं, हिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून वाजत नाही. बाबा म्हणाले, "तू कॉलेज सोडलंस तेव्हा पण असंच कायतरी समजावलेलंस."

४ मे, सोम.
लिहू की नको. लिहितो.
सकाळी साहेबांचा लॅपटॉप दुकानात आणला. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायला लावलं. दस्त, फाँट, सगळं. पाच तास दाखवत होता. जुनी डिस्क मधेच मेली तर तालुक्यातली अर्धी खरेदीखतं माझ्या नावाने बोंब मारणार, म्हणून समोरून हललो नाही. एकीकडे इम्तियाजच्या कॉम्प्युटरवर त्या डिस्कवरच्या नोंदी उघडून बघत होतो, ती केव्हापासून बिघडतेय ते कळायला. विंडोज लिहून ठेवतं, मशीन किती वाजता चालू झालं, किती वाजता बंद.
सोम., बुध., गुरु.: सकाळी दहाला चालू, रात्री ऑफिस मिटताना बंद.
मंगळ. आणि शुक्र.: सकाळी दहाला चालू. चार पन्नासला बंद. पाच वाजून दोन-तीन मिनिटांनी परत चालू.
फेब्रुवारीपासून. एकही मंगळ. चुकलेला नाही. एकही शुक्र.
म्हणजे लॅपटॉप सकाळपासून चालूच असतो. मी यायच्या दहा मिनिटं आधी कोणीतरी तो नीट बंद करतं. साहेब कोर्टातून पाचला परत येतात. प्र. त्यांच्याबरोबर. म्हणजे चार पन्नासला ऑफिसात फक्त
इम्तियाजला दाखवलं. तो बिर्याणी खात होता. म्हणाला, "लोडशेडिंग."
"काय लोडशेडिंग?"
"अरे लाइट नसली की इन्व्हर्टरवर चालवतात. तो संपत आला की माणूस मशीन बंद करतोच. लाइट आली की परत चालू. ह्याच्यात कसला आलाय इश्क."
वेळापत्रक भिंतीवरच आहे. बघितलं. शुक्र. दुपारी दोन ते पाच लाइट नाही. बरोबर. शुक्र. गेला.
मंगळ. सकाळी सहा ते नऊ.
"मग मंगळवारचं काय?"
एक हाड चोखून बाजूला ठेवलं. म्हणाला, "मंगळवारी तिला कंटाळा येत असेल."

५ मे, मंगळ.
बावीस सेकंद.
साहेबांनी बटण दाबलं आणि सवयीने चपला घालून निघाले. मी जिन्यापर्यंत मागे धावलो, साहेब झाला, साहेब झाला. परत आले, चष्मा लावला, म्हणाले, "आवाज कुठे आहे? बंदच आहे हा." प्र. लगेच, "सर, आतून बंदच असणार." मृ.ने एक मृत्युपत्र उघडून दाखवलं. साहेबांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की खोकला आला. प्र. कोटासकट बाहेर गेला. जन्मात एवढा जिंकलो नव्हतो.
मृ. म्हणाली, "छान झालं." मृत्युपत्राकडे बघत.

८ मे, शुक्र.
गेलो तेव्हा लॅपटॉप चालू. साहेब समोर बसलेले, खुशीत. चहाला गेलेच नाहीत. सीडी निघाली चार मिनिटांत. पाच वाजून सहा मिनिटांनी मी रस्त्यावर.
निघताना म्हणाले, "विनायक, आता तुला आठवड्यातून दोनदा हेलपाटा नको. येत्या मंगळवारी एकदा बघून जा, मग महिन्यातून एक फेरी पुरे." वर आणि म्हणे, तुझे श्रम वाचले.
एस.टी. सोडली. दुसरी सोडली. स्टँडवर उगाच एका माणसाशी खिडकीच्या जागेवरून भांडलो. मला त्या गाडीने जायचंच नव्हतं.

११ मे, सोम.
उद्या विचारायचं ठरवलं. सरळ. मंगळवारी चार पन्नासला लॅपटॉप कोण बंद करायचं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटलेला माणूस मी, एवढं विचारायला काय घाबरायचं. आरशासमोर म्हणून बघितलं. पोलीस चौकशी करतात तसं वाटतं.

१२ मे, मंगळ.
पाचला गेलो. साहेब आणि प्र. कोर्टातच अडकलेले. ती एकटी. लॅपटॉप बंद.
तिने बटण दाबलं. बावीस से. झाला चालू. दोघं बघत बसलो. मी तोंड उघडणार एवढ्यात तिनेच विचारलं.
"जुन्या डिस्कवरचं सगळं ह्याच्यावर आलंय?"
"सगळं."
"म्हणजे दस्तच ना?"
"सगळंच. कधी चालू केला, कधी बंद केला, ते पण लिहिलेलं असतं त्यात."
कान लाल. मग: "तू बघितलंस ते?"
आणि मी, मी म्हटलं, "नाही."
का म्हटलं देव जाणे. सकाळपासून घोकलेलं सगळं एका शब्दात पाण्यात.
"बरं," म्हणाली. मग हात पुढे करून लॅपटॉप बंद केला. "परत लावून बघू या. नीट होतोय ना ते." बावीस से. आम्ही बोलत होतो, काय ते आठवत नाही, तिच्या मावशीच्या म्हशीबद्दल काहीतरी. चालू झाला. तिने परत बंद केला. "आणखी एकदा." परत लावला. मग परत. पाचव्यांदा चालू होत होता तेव्हा दारात साहेब. मागे कोट.
साहेब: "अजून चालूच होतोय?"
मृ. वर न बघता म्हणाली, "बाबा, हा मधेमधे अडकतो. अजून काही दिवस बघावं लागेल ह्याला."
प्र.च्या चेहऱ्यावर दिवाळी. साहेब माझ्याकडे वळले. "काय रे विनायक? अर्ध्या मिनिटात म्हणाला होतास."
जिभेवर आलं होतं. घड्याळ लावा साहेब, आत्ता लावा, बावीसच्या वर एक सेकंद गेला तर नाव बदलीन. प्र. दात काढून उभा. मृ. टेबलावरच्या टाचण्या गोळा करत होती, एकेक. एक हातातून निसटली तरी वाकली नाही.
मी म्हटलं, "हो साहेब. अडकतो."
"मग पूर्वीसारखाच येत जा काही दिवस. पण महिनाअखेर नीट झाला नाही तर मी नवीन आणायला सांगणार ह्याला." ह्याला म्हणजे प्र.ला. तो म्हणाला, "रंग ठरवून ठेवा." ह्या वेळी ऐकून घेतलं. कसं ते माहीत नाही.
इम्तियाजला सांगितलं तर तो काउंटरवर डोकं टेकून बसला. "चांगली डिस्क खराब आहे सांगून आलास. माझ्या दुकानाचं नाव घालवलास. भाईजान काय म्हणेल?" अर्धा तास बोलला. बोलू दिलं.
महिनाअखेरीपर्यंत पाच वेळा जाणं होईल. 'नाही बघितलं' म्हणालो ते खोटं होतं हे शुक्र.लाच सांगून टाकावं, की तिनेच परत एकदा विचारावं म्हणून